दिवा विझवल्याबद्दल कमाल दंड मिळावा

नाव: नझीहा तौफिक शाबूनी. वय: बावन्न. धंदा: घरकाम. शिक्षण: मॅट्रिक, पहिल्या खेपेत. राहणार: ग्रेम्दा रस्ता, सातवा किलोमीटर, मशिदीमागची गल्ली, स्फाक्स.

विचारल्यावरून मी समक्ष सांगते आणि माझ्याच हाताने लिहून देते ते खालीलप्रमाणे. ठाण्याच्या कारकुनांनी आधी लिहायला घेतले होते, पण धंद्याच्या रकान्यात त्यांनी "काही नाही" असे लिहिले, म्हणून कागद मी मागून घेतला.

शाबान महिन्याच्या चार तारखेला आमच्या घरी पुढील माल आला. मुलगा अनीस इटलीत मोडेना गावी लेथवर कामाला आहे, त्याने वडिलांसाठी पाठवला. मोटरसायकल एक, लाल, अकरा वर्षे वापरलेली, किंमत मुलाने सांगितली नाही. जहाजाचे भाडे ४१० दिनार. बंदरावरची जकात १८७० दिनार. ट्यूनिसहून टेम्पो, मागितले दीडशे, दिले १२०. नंबराची पाटी व कागद २३६. हेल्मेट एक, ९५. एकूण २७३१ दिनार. सोबत बिस्किटांचा डबा एक, फुकट. त्यात चरबी कशाची ते लिहिलेले नव्हते, म्हणून मांजराला दिला. मांजराने खाल्ला.

माझे पती तौफिक शाबूनी हे याच रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवत होते. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. चौदाव्या किलोमीटरवर आमची जैतुनाची चाळीस झाडे आहेत. रोज सकाळी सातला ते बागेत जातात, साडेनऊला परततात. पूर्वी बसने जात, शाबानच्या नऊ तारखेपासून मोटरसायकलने.

या मोटरसायकलचा पुढचा दिवा किल्ली फिरवताच लागतो आणि किल्ली काढेपर्यंत विझत नाही. आपल्याकडच्या गाड्यांना डाव्या मुठीवर जिथे दिव्याचे बटण असते, तिथे हिला गुळगुळीत प्लास्टिक आहे. मी मुलाला फोन केला.

"यम्मा, इकडच्या गाड्या तशाच असतात," तो म्हणाला. "दिवसासुद्धा गाडी लांबून दिसावी म्हणून."

"दिवसा तिकडे सूर्य नसतो का?"

"असतो. पण धुकं असतं."

"आमच्याकडे नुसता सूर्य असतो. धुकं तू पाठवलं नाहीस."

आमच्या घरात मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेआधी दिवा लावत नाहीत. तरी पाहुण्या गाडीची सवय म्हणून मी चालवून घेतले.

आता आमच्या रस्त्याची एक रीत नोंदवते. ती ठाण्यालाही ठाऊक आहे, कारण ठाण्यातल्यांचे भाऊ-मेहुणेही याच रस्त्याने जातात. समोरून येणाऱ्याने दिवसा दिवा दाखवला, की पुढे पोलीस उभे आहेत असे समजायचे. मग ज्याने पट्टा लावलेला नाही तो लावतो, ज्याच्या डिकीत हेल्मेट आहे तो ते डोक्यावर घेतो, ज्याच्याकडे विम्याचा कागद नाही तो अंजिरांच्या गल्लीतून वळतो. आमच्याकडे सख्खा भाऊ वाटणीत बांध सरकवतो, पण अनोळख्याला दिवा दाखवल्यावाचून पुढे जात नाही. एवढी एकी इतर कुठल्या कामात दिसलेली नाही.

ठाण्याचे पथक रोज सकाळी नवव्या किलोमीटरच्या चौकात, युकॅलिप्टसच्या सावलीला उभे असते. माझे पती रोज परतताना तिथून जातात आणि त्यांचा दिवा लागलेलाच असतो. रस्त्याला खड्डे आहेत, त्यामुळे तो वरखाली होतो, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला कुणी मुद्दाम इशारा करतोय असेच वाटते. खड्डे नगरपालिकेचे आहेत. त्यांचा जबाब अद्याप घेतलेला नाही.

शाबान नऊ ते रमजान अकरा, म्हणजे महिना आणि वर दोन दिवस, नवव्या किलोमीटरवर पोलिसांना एकही गुन्हेगार सापडला नाही. सगळे पट्टा बांधून, हेल्मेट घालून, वीसच्या वेगाने, बिस्मिल्ला म्हणत चौकातून गेले. त्या महिन्यात रस्त्यावर एकही अपघात झाला नाही. याबद्दल कुणी कुणाचे आभार मानल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या पतींना यातले काही माहीत नव्हते. समोरून येणारे लोक हात उंचावून त्यांना सलाम करत. बेकरीवाला दोन पावांत तिसरा घालून देई. शेजारी लमीन, जो सरहद्दीपलीकडून चोरून पेट्रोलचे डबे आणून रस्त्याच्या कडेला विकतो, त्याने एकदा पाच लिटरचा डबा दारात आणून ठेवला. मी तो परत पाठवला, हरामाच्या पेट्रोलवर गाडी लांब जात नाही. घरी आल्यावर हे जोडे काढताना म्हणत, "नझीहा, सहा वर्षं झाली शाळा सोडून, पण लोकांनी लक्षात ठेवलंय बघ. आज अठ्ठावीस जणांनी सलाम केला." ते मोजत असत. गणिताचे मास्तर आहेत. मला शंका आली होती.

रमजानच्या अकरा तारखेला नवव्या किलोमीटरवर हवालदार लसाद यांनी त्यांना हात केला. हवालदार लसाद हे माझ्या पतींचे चौथीतले विद्यार्थी. सातचा पाढा त्यांना आला नाही तो नाहीच. झालेले बोलणे माझ्या पतींनी मला शब्दशः सांगितले, ते असे.

"मास्तर, दिवसाढवळ्या दिवा का लावलाय?"

"लावलेला नाही. तो लागलेलाच असतो."

"मग विझवा."

"बटण नाही."

"दिवा आहे आणि बटण नाही? असं कुठं असतं?"

"इटलीत."

"हे इटली आहे का?"

"नाही."

"मग विझवा. मास्तर, तुमचा मान राखून सांगतो, महिना झाला, माझी दंडाची वही कोरी आहे. साहेब मला विचारतात, तू तिथं उभा राहतोस की झोपतोस? आणि इकडे तुम्ही सगळ्या रस्त्याला इशारे करत फिरताय."

"मी कुणाला इशारा करतोय?"

तेव्हा हवालदारांनी त्यांना सगळे समजावून सांगितले. चौथीत जे जमले नाही ते त्या दिवशी जमले. विद्यार्थ्याने मास्तरांना शिकवले.

घरी आल्यावर माझ्या पतींनी जोडे काढले आणि सांगितले, "सलाम मला नव्हता. दिव्याला होता." त्या दिवशी इफ्तारला त्यांनी खजूर घेतला, पाणी घेतले. सूप मी परत पातेल्यात ओतले.

दिवा विझवण्याचे काम मी केले. माझ्या पतींचा हात तारेला घाबरतो. घरातला फ्यूज बत्तीस वर्षे मीच बदलते. कुणा मेकॅनिकने हात लावलेला नाही, उगीच कुणाला बोलावू नये. रमजानच्या तेरा तारखेला, दुपारच्या नमाजानंतर, अंगणात. आधी बॅटरीची तार सोडवली. दिव्याची पुढची कडी सोडवली, दोन स्क्रू. दिव्याच्या पाठीमागे तीन तारा येतात: एक अर्थिंगची, एक जवळच्या उजेडाची, एक लांबच्या उजेडाची. बिस्मिल्ला म्हणून फक्त जवळच्या उजेडाची तार कापली आणि मध्ये बटण जोडले. बटण पलंगाशेजारच्या दिव्याचे, पांढरे, दोन दिनार आठशे मिलीम. टेप घरातलीच. नंतर भोंगा तपासला, दोन्ही बाजूंचे इशारे तपासले, मागचा दिवा तपासला. अंधारात बटण दाबले की पुढचा दिवा पूर्वीसारखाच लागतो. काम नीट झाले आहे. कुणालाही तपासू द्यावे.

दुसऱ्या दिवशी, रमजान चौदा, माझे पती दिवा न लावता बागेतून निघाले. त्यांच्या समोरून येणाऱ्यांनी पाहिले की आज मास्तरांचा दिवा नाही, म्हणजे आज चौक मोकळा आहे. त्या एका सकाळी नवव्या किलोमीटरवर अकरा जण सापडले. खाटीक विम्याशिवाय. बेकरीवाला मागच्या दिव्यांशिवाय. पोस्टमन बशीर हेल्मेटशिवाय, ते टपालाच्या पिशवीत होते. आणि लमीन, पिकअपमध्ये बावीस डब्यांसकट. पिकअप अजून तुमच्याच आवारात उभी आहे, आत येताना पाहिली. हवालदारांची वही भरली. साहेबांनी पाठ थोपटल्याचे कळते.

त्याच दुपारी लमीन आमच्या दारात आला. आत ये म्हटले तर आला नाही. मी दाराआड होते, पुढील बोलणे स्वतः ऐकले.

"मास्तर, आमचं काय चुकलं तेवढं सांगा. महिनाभर तुमच्या दिव्यावर विश्वास ठेवून चाललो."

"लमीन, तो दिवा मी तुमच्यासाठी लावत नव्हतो."

"बरं. मग विझवलात कुणासाठी?"

माझे पती खोटे बोलत नाहीत. ही सवय त्यांना लग्नाआधीपासून आहे, मला सांगण्यात आली नव्हती. ते म्हणाले, "हवालदारानं सांगितलं म्हणून."

लमीन म्हणाला, "एवढंच ऐकायचं होतं," आणि गेला. दार मी लावले.

इफ्तारच्या आत सातव्या किलोमीटरला कळले की तौफिक मास्तर पोलिसांचे खबरे आहेत. आधी महिनाभर दिवा दाखवून लोकांना गाफील केले, मग ठरल्या दिवशी विझवला. इतका लांबचा डाव माझ्या पतींना जमला असता, तर चौतीस वर्षांत ते एकदा तरी हेडमास्तर झाले असते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मशिदीत रांग लागली तेव्हा माझ्या पतींच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहिली. रांगेत फट ठेवू नये, खांद्याला खांदा लावावा, हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असते. इमामांनी दोनदा मागे वळून सांगितले. फट राहिली. त्या शुक्रवारपासून हे घरीच नमाज पढतात. मी कारण विचारलेले नाही.

ईदच्या सकाळी आमच्याकडे खारवलेला मासा आणि शरमूला, म्हणजे कांदा-मनुकांची दाट चटणी, होते, आणि शेजारी एकमेकांकडे बशा जातात. मी दरवर्षीप्रमाणे नऊ बशा पाठवल्या. बशी रिकामी परत करायची नाही ही रीत; काही नाही तर चार बदाम, चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. नऊच्या नऊ बशा परत आल्या. स्वच्छ धुतलेल्या. मबरूकाचीही. मबरूका ही लमीनची बायको. तिची तीन बाळंतपणे मी केली.

ईदच्या तिसऱ्या दिवशी, शहरात जाताना तिसऱ्या किलोमीटरवर, शहराच्या वाहतूक पथकाने माझ्या पतींना अडवले. हे पथक निराळे. तिथल्या तरुण साहेबांनी विचारले, "पुढचा दिवा का बंद? या गाडीला तो सतत हवा." नंतर त्यांना पांढरे बटण दिसले. "आणि हे काय? पलंगही आणलाय का बरोबर?" माझे पती म्हणाले, "माझ्या बायकोनं बसवलंय." हेही खरेच. गाडीत परवानगीवाचून बदल केल्याच्या कारणावरून मोटरसायकल जप्त होऊन या ठाण्याच्या आवारात आली आणि मला आज, शव्वाल सहा, सकाळी दहा वाजता या ठाण्यात बोलावणे आले.

अशा प्रकारे नवव्या किलोमीटरवर दिवा चालू असणे हा गुन्हा आहे आणि तिसऱ्या किलोमीटरवर तो बंद असणे हा गुन्हा आहे. मधले सहा किलोमीटर काय करायचे ते दोन्ही पथकांनी मिळून ठरवावे, आमची हरकत नाही.

गाडी जप्त झाल्याचे कळले तेव्हा, अल्लाह माफ करो, मला बरे वाटले. खबऱ्याची गाडी पोलीस कशाला धरतील? मी मुद्दाम कुंपणापाशी कपडे वाळत घालायला गेले आणि मबरूकाला ऐकू जाईल असे म्हणाले, "नेली बाई आमची गाडी! पोलिसांनी नेली!"

कुंपणापलीकडून ती म्हणाली, "नेणारच. आपल्या माणसाला आधी धरून दाखवतात, म्हणजे संशय राहत नाही. चार दिवसांत परत येते की नाही बघ, तेही फुकटात."

आज ठाण्यात आल्यावर जबाब घ्यायला समोर हवालदार लसाद हेच बसले. त्यांनी स्वतःसाठी कॉफी मागवली. मला विचारले नाही, कारण ईदनंतर शव्वालमध्ये ठेवायच्या सहा रोज्यांपैकी माझा आज चौथा आहे हे मी आत येतानाच सांगितले होते. पुढील बोलणे या टेबलावर झाले. हवालदारांनी ते लिहू नका असे सांगितले आहे.

"खाला, एवढंच लिहा, दिवा आपोआप बंद पडला."

"आणि बटण आपोआप बसलं?"

"मग लिहा, कुणीतरी बसवून दिलं."

"बेटा, रोजा आहे."

"बरं, तुम्हीच बसवलंत. पण सांगितलं कुणी ते नका लिहू."

"सांगितलं तूच."

"हो, पण ते तोंडी होतं."

"आपलं लग्नही तोंडीच असतं, कागद नंतर होतो. ते काय खोटं?"

मग हवालदारांनी दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "खाला, ऐका. मास्तर माझे गुरू. त्यांच्यामुळं माझी वही भरली, मला ते विसरता येत नाही. हा कागद राहू द्या. दंड नाही, खटला नाही. किल्ली घ्या, गाडी घेऊन जा. माझ्याकडून."

"तुझ्याकडून?"

"हो. हवं तर आमची जीप गाडीसकट दारापर्यंत सोडेल."

"जीप? दिवा लावून की न लावता?"

ते हसले. मी हसले नाही.

हवालदार मनाने वाईट नाहीत. मास्तरांचे ऋण फेडायचे त्यांच्या मनात आहे आणि त्यांना जमणारा मार्ग त्यांनी सांगितला. पण चौथ्या दिवशी, फुकटात, पोलिसांच्या जीपमागून मास्तरांची गाडी गल्लीत आली, तर मबरूकाला नुसते कुंपणाशी उभे राहायचे आहे, बोलायचीसुद्धा गरज नाही. चौतीस वर्षे ज्यांनी पैशाचाही हिशेब चुकू दिला नाही, त्या माणसाच्या नावापुढे मग कायमचे तेच लागेल. ही माफी मला परवडणारी नाही. मी ती घेत नाही.

हवालदार शिक्का आणायला आतल्या खोलीत गेले तेव्हा टेबलावरचे नियमांचे पुस्तक मी पाहिले. गाडीत परवानगीवाचून बदल केल्यास किमान आणि कमाल अशा दोन रकमा दिलेल्या आहेत. मी आयुष्यात भाजीवालीला पहिला भाव दिलेला नाही. जकातवाल्याशी मी चाळीस मिनिटे बोलले, त्यालाही विचारावे. तरी या बाबतीत मला घासाघीस करायची नाही. मला कमाल दंड व्हावा. थोडा दंड झाला तर लोक म्हणतील ओळखीने झाला. पैसे घरात आहेत, ईदनंतर पाहुण्यांसाठीची कॉफी आणि साखर जवळपास तशीच उरली आहे. बत्तीस वर्षांच्या माझ्या हिशेबाच्या वह्यांत असे कधी झालेले नाही.

दंड भरेपर्यंत गाडी तुमच्याच आवारात राहू द्यावी, शक्यतो लमीनच्या पिकअपला लागून, म्हणजे तो आपली गाडी पाहायला येईल तेव्हा आमचीही पाहील. तोवर माझे पती बागेत बसने जातील. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा हल्ली रिकामी असते, त्यामुळे त्रास नाही.

वरील मजकूर मी लिहिला, स्वतः दोनदा वाचला आणि हवालदार लसाद यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "खरं आहे, खाला, पण." 'पण'च्या पुढचे नोंदीत घेतलेले नाही. कुणाच्या धाकाने वा सांगण्यावरून काही लिहिलेले नाही. उलट न लिहिण्याबद्दलच सांगण्यात आले होते. खाली माझी सही, पूर्ण नावाने.

नझीहा तौफिक शाबूनी

ताजा कलम: दंडाची रक्कम ठरली की परतीच्या टपालाने कळवावे. माणूस पाठवू नये, गणवेशातला तर मुळीच नको. लखोटाही नको, साधे उघडे कार्ड असावे. आमच्या रस्त्याची सगळी कार्डे पोस्टमन बशीर आधी खाटकाच्या दुकानी बसून मोठ्याने वाचतो आणि मग घरोघर टाकतो, ही तक्रार मी मागे दोनदा केली आहे. ती आता मागे घेते. कार्डावर अक्षर मोठे काढावे आणि रक्कम आकड्यात लिहून पुढे अक्षरीही लिहावी. बशीर चष्मा विसरतो.